सुट्टीतले बडोदे, कमी खर्चात

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना कुठे न्यायचे हा विषय निघाला की बडोद्यातही आता पहिली नावे मॉलमधल्या गेम झोनची आणि वॉटरपार्कची येतात. चार-पाच माणसांच्या कुटुंबाला तिथे एका दिवसात जो खर्च येतो त्यात या शहरातली बरीचशी सुट्टी आनंदात जाऊ शकते, कारण सयाजीराव महाराजांनी लोकांसाठी उभारलेल्या कितीतरी गोष्टी आजही अल्प तिकिटात पाहता येतात.

आमचा पहिला मुक्काम नेहमी कमाटीबाग, म्हणजे विश्वामित्रीच्या काठची, १८७९ सालची सयाजीबाग. सकाळी लवकर पोहोचावे, ऊन चढण्याआधी प्राणिसंग्रहालय पाहून घ्यावे, आणि बरोबर नेलेल्या दशम्या, बटाट्याची भाजी व ताक झाडाखाली बसून संपवल्यावर दुपार बागेतल्याच संग्रहालयात काढावी. तिथला निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहून मुले गप्प होतात. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला हा एवढा प्रचंड जीव कोळंबीसारख्या बारीक प्राण्यांवर जगत होता, हे सांगितले की प्रश्न सुरू होतात, आणि त्या प्रश्नांसाठीच मी तिथे भरपूर वेळ राखून ठेवते. इजिप्तच्या ममीपाशी गर्दी असतेच. मला मात्र मुलांना अकोट्याच्या धातुमूर्तींपाशी थांबवावेसे वाटते, कारण ज्या अकोट्यातून आपली रिक्षा रोज जाते, तिथल्याच जमिनीतून हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या या जैन मूर्ती निघाल्या, हे कळल्यावर त्यांना आपले शहर निराळे दिसू लागते. शेजारच्या चित्रदालनाची इमारत तयार असूनही पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून चित्रे येण्यास उशीर झाला आणि ते १९२१ साली खुले झाले. हे दालन त्याच दिवशी उरकण्याचा हट्ट धरू नये. दमलेल्या मुलांना चित्रे दाखवणे हा त्या चित्रांवरही अन्याय आहे, आणि तिकीट इतके थोडे आहे की पुन्हा येणे सहज परवडते. निघण्यापूर्वी संग्रहालय त्या दिवशी उघडे आहे ना, एवढी चौकशी मात्र करावी.

दुसरा दिवस रावपुऱ्याकडचा. गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर यांच्या वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे मराठी घरातल्या प्रत्येक मुलाने पाहायला हवीत, असे मला मनापासून वाटते. कृष्णकथा आणि महाभारताबरोबरच इंग्रज-मराठे युद्धाचे प्रसंगही तिथे भिंतीवर आहेत. पुस्तकात दोन ओळींत संपलेली लढाई मुले तिथे हत्ती, घोडे आणि सैनिक मोजत वाचतात. चित्रे फार नाजूक झाली आहेत, म्हणून भिंतीला हात लावायचा नाही हे दारातच समजावून सांगावे. तिथून सुरसागर जवळ आहे. संध्याकाळी काठावर बसावे आणि परतताना सेव-उसळ खावी. सर्वांची मिळूनही ती महाग पडत नाही.

चांपानेरचा विचार पुष्कळ जण याच सुट्टीत करतात. सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या त्या जागी एस.टी.ने स्वस्तात जाता येते. परंतु तिथल्या मशिदी आणि तटबंदी उघड्यावर विखुरलेल्या असल्यामुळे मे महिन्यात लहान मुलांना घेऊन तिथे फिरू नये. ती सहल दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवावी.