पापुन्याला जाताय? टायरची हवा कमी करा, आणि चित्र घ्यायची घाई करू नका

आधी रस्त्याचं सांगते, कारण त्याबद्दल आम्हाला कोणी धड सांगितलंच नाही. मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज शहराहून पापुन्या हे आदिवासींचं गाव साधारण २४० किलोमीटर. 'शेवटी थोडा कच्चा आहे, बाकी काही नाही,' असं गाडी भाड्याने देणारा म्हणाला होता. तनामी रस्त्यावर डांबर आहे तोवर खरंच काही नाही. डावीकडे पापुन्याचा फाटा घेतला की पुढचे शंभरेक किलोमीटर म्हणजे जमिनीवर आडवा टाकलेला पन्हळी पत्रा. लाल मातीच्या वळ्या, एकामागून एक, न संपणाऱ्या. चाळीसच्या वेगाने गेलं तर दात वाजतात. ऐंशीने गेलं तर चाकं वळ्यांच्या माथ्यावरून पळतात आणि हादरे कमी होतात, पण वळणावर गाडी सरळच जायला बघते. ताई चालवत होती आणि मी डॅशबोर्ड धरून बसले होते.

टायरमध्ये हायवेची हवा तशीच होती. निम्म्याहून जास्त अंतर झालं असेल, मागचं डावं टायर फाटलं. पंक्चर नव्हे, बाजूने फाटलं. मऊ मातीत जॅक रुतत गेला. शेवटी भाजी चिरायचा लाकडी पाट जॅकखाली घातला तेव्हा गाडी वर आली. दीड तासात एकही वाहन गेलं नाही. परत आल्यावर कळलं की कच्च्या रस्त्यावर फुटलेलं टायर विम्यात नाही. ४१० डॉलर गेले. म्हणून सांगते: डांबर संपतं तिथे थांबून हवा कमी करा, परतताना भरायला छोटा कॉम्प्रेसर न्या, स्टेपनी एक नव्हे दोन मागा, आणि विम्याचा कागद सही करण्याआधी शेवटपर्यंत वाचा. फोर बाय फोर नसेल तर जाऊ नका. चाक बदलता येत नसेल तरीही नको.

एवढं करून जायचं कशाला? कारण वाळवंटातली जी ठिपक्यांची चित्रं आज जगभर दिसतात, त्या चळवळीची सुरुवात या गावात झाली. १९७१ मध्ये शाळेतले शिक्षक जेफ्री बार्डन यांच्या काळात गावातल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची (पोटात मध साठवणाऱ्या मुंगीची) पूर्वापार कथा रंगवली. पुढे काही वर्षांतच त्या भिंतीवर दुसरा रंग फासला गेला. पण १९७२ मध्ये चित्रकारांनी स्वतःच्या मालकीची कंपनी काढली, पापुन्या तुला. १९८१ नंतर पिंतुपी या आदिवासी समाजाची बरीच कुटुंबं पश्चिमेला किंटोर गावाकडे आपल्या भूमीवर परतली आणि कंपनीचं कामही तिकडे गेलं. जिथे सगळं सुरू झालं त्या गावात मागे राहिलेल्यांना स्वतःचं कलाकेंद्र मिळायला २००७ उजाडलं. त्याचं नाव पापुन्या चुपी. चुपी म्हणजे तीच मधमुंगी.

आत गेलो तेव्हा एक आजी जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. समोर कॅनव्हास आडवा पसरलेला, एक कुत्रा त्याच्या कडेला टेकून झोपलेला. काडीचं टोक रंगात बुडवायचं, टेकवायचं, उचलायचं. एक बाजू झाली की आजी स्वतः हलायच्या नाहीत, कॅनव्हास फिरवायच्या. ही जमीन वरून पाहिलेली आहे, त्यामुळे चित्राला वरची बाजू अशी नसतेच. शेजारी सातआठ वर्षांची नात बघत होती. मध्येच तिने बोट लावायला हात पुढे केला, आजींनी लुरित्जा या त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणून तो अलगद बाजूला केला. कोणती कथा कोणी रंगवायची हे वारशाने ठरतं. आईबापांकडून, आजीआजोबांकडून हक्क येतो, आणि तो येईपर्यंत बघत बसायचं. पाऊण तास मी तिथून हलले नाही. रस्त्याचा सगळा राग तिथे उतरला, हे कबूल करते.

आता पैशाचं. पहिल्याच दिवशी ॲलिसमधल्या एका दुकानात मी ६५० डॉलरला एक चित्र घेतलं होतं. मागे चिठ्ठी: 'रानमेवा गोळा करणाऱ्या स्त्रिया'. चित्रकाराचं नाव नाही. ते मी केंद्रातल्या बाईंना फोनवर दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. भिंतीवरचं एक चित्र काढून त्यांनी पाठ दाखवली: चित्रकाराचं नाव, केंद्राचं नाव, क्रमांक. त्याच क्रमांकाचा कागद सोबत, त्यात कथा लिहिलेली. मला जे कळायचं ते कळलं. २०१९ मध्ये फेडरल कोर्टाने एका घाऊक विक्रेत्याला २३ लाख डॉलर दंड केला होता, इंडोनेशियात बनवलेली बूमरँग आदिवासींच्या हातची म्हणून खपवली म्हणून. हे मी जाण्याआधी वाचलं होतं, तरी फसले. आपल्याकडे वारली नक्षीचे कुर्ते गल्लोगल्ली मिळतात, त्यातला रुपया डहाणू-तलासरीत किती पोचतो हा प्रश्न त्या क्षणी पहिल्यांदा टोचला.

केंद्र गावाच्या मालकीचं असतं म्हणजे काय, तर कारभारी मंडळ चित्रकारांचंच. विकलेल्या चित्रातला मोठा वाटा चित्रकाराला जातो, उरलेल्यातून कॅनव्हास, रंग, बिलं. एका चित्राची गोष्ट ऐका. पापुन्याचे चित्रकार जॉनी वरंगकुला चुपुरुला यांनी १९७२ मध्ये कलिपिन्पा या ठिकाणची पाण्याची कथा रंगवली आणि १५० डॉलरला विकली. १९९७ मध्ये ती लिलावात २,०६,००० डॉलरला गेली, २००० मध्ये ४,८६,५०० ला. त्यांना त्यातलं काही मिळालं नाही. २००१ मध्ये ते गेले. पुनर्विक्रीवर कलाकाराला ५ टक्के देण्याची योजना आली ती २०१० मध्ये, आणि तीही १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीच्या विक्रीला. त्यांची मुलगी कँडी नेल्सन नकमारा पापुन्या चुपीत तीच कलिपिन्पाची कथा रंगवते, वडिलांकडून आलेली. (गेलेल्यांची नावं तिथे उच्चारत नाहीत. छापील इतिहासात आहे म्हणून इथे लिहिलं, तिथे जाऊन विचारू नका.)

मी १८० डॉलरला हातभर कॅनव्हास घेतला. गुंडाळून नळीत देतात, विमानात हातातल्या सामानात बसतो.

आदिवासींच्या जमिनीवर जायला परवाना लागतो, तो सेंट्रल लँड काउन्सिलचा, बरेच दिवस आधी अर्ज करा. केंद्राला ईमेल केल्याशिवाय निघूच नका. आम्हाला उत्तर आलं, मंगळवारी नको, बुधवारी या, सॉरी बिझनेस आहे. आपल्या सुतकासारखं, फक्त ते सगळ्या गावाचं असतं, तेव्हा केंद्र बंद. शनिवार-रविवारच्या भरवशावर राहू नका. दारू नेऊ नका, सक्त मनाई आहे. फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारू नका. एवढा रस्ता जमणार नसेल तर ॲलिसमध्येच पापुन्या तुलाची स्वतःची गॅलरी आहे. आदिवासी चित्रकार अल्बर्ट नमतजिरांच्या जलरंगांची परंपरा पुढे चालवणारं मेनी हँड्स केंद्रही तिथेच आहे. दोन्हीकडे खुशाल घ्या.

उलुरू या प्रसिद्ध खडकापाशी तीन दिवस छान गेले, सगळं आखीवरेखीव आहे, त्यावर लिहीत नाही.

पापुन्याहून दोनच्या आत निघा. आम्ही साडेतीनला निघालो, आणि अंधार पडल्यावर तनामी रस्त्यावर गुरं बसलेली, काळ्या डांबरावर काळी गुरं. शेवटचे ६० किलोमीटर तासाला तीसच्या वेगाने आलो. ताई अजून बोलत नाहीये.