तुम्ही विचारलंत म्हणून: काजू तोंडात टाकण्याआधी मी काय बघते

दिवाळीत ऑफिसात सुक्यामेव्याचा डबा फिरतो, लग्नात कुणी वाटी पुढे करतं, आणि दर वेळी कुणी ना कुणी विचारतंच, "अहो, काजू खायचाय की सोनाराकडे द्यायचाय? उलटसुलट करून बघताय काय एवढं?" मी हसून वेळ मारून नेते, कारण उत्तर जरा लांब आहे. आता निवांत लिहिते.

मी दोन गोष्टी बघते. काजूच्या पाठीवर सुरीचा ओरखडा आहे का, आणि पोटाकडच्या वळणात सालीचा तांबूस कण राहिलाय का. ही सवय आजीची, म्हणजे वडिलांच्या आईची. ती वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात होती.

होती म्हणजे जन्मभर नव्हती. त्याआधी ती त्या काळच्या कोकणातल्या हजारो बायकांसारखी मनीऑर्डरवर घर चालवणारी बाई होती. आजोबा तरुणपणी बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, चिकटले. गावी म्हातारे सासू-सासरे, तीन मुलं आणि अंगणात काजीची चार झाडं. गणपतीला आणि शिमग्याला आजोबा घरी. बाकी वर्षभर आजी आणि पोस्टमन. हे सगळं १८ जानेवारी १९८२ ला थांबलं. सिंधुदुर्ग रत्नागिरीतून वेगळा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. डॉ. दत्ता सामंतांच्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आजोबा "मिटला की जातो" म्हणत गावी आले आणि ओटीवर बसून राहिले. माझे वडील मुंबईत मिळेल ते काम करत काळाचौकीच्या खोलीचं भाडं भरत होते. गावी पाठवायला त्यांच्याकडे काही उरत नसे.

आजीने कुणाला विचारलं नाही. शेजारची एक बाई कारखान्यात जायची, तिच्यासोबत एका सकाळी डबा घेऊन निघाली. आजोबांना ते आवडलं नव्हतं म्हणे. पण आवडून-नावडून करणार काय?

मे महिन्यात आम्ही रात्रभर एसटीने हाडं खिळखिळी करून घेत वेंगुर्ल्याला पोचायचो, आणि दुपारी मी आजीला डबा द्यायला कारखान्यात जायची. लांब पत्र्याची शेड. आत शिरलं की घशाला खवखवणारा तेलकट वास. बिया आधी वाफवून गार केलेल्या असत. आजीसमोर फोडायचं यंत्र: बीच्याच वळणाची दोन पाती, खाली पायाने दाबायची पट्टी, बाजूला हाताचा दांडा. डाव्या हाताने बी पात्यांमध्ये ठेवायची, पायाने दाबायचं, पाती टरफलात रुतली की दांडा उचलायचा आणि टरफल दुभंगायचं. मग टोकदार सळईने आतला गर अलगद सोडवायचा. दाब जरा जास्त झाला की गराचे दोन भाग झालेच. टरफलात जो चीक असतो तो कातडी जाळतो. त्याचं तेल काढून रंगात आणि गाड्यांच्या ब्रेकमध्ये वापरतात, यावरून काय ते समजा. बायका हाताला खोबरेल नाहीतर राख लावून बसायच्या. तरी आजीची बोटं कायम काळी. लग्नकार्यात ती पदराखाली हात धरायची, आणि आम्हा नातवंडांना वाटायचं तिला थंडी वाजते.

पुढे डोळे आणि कंबर साथ देईनात तेव्हा तिला सोलायला बसवलं. ते काम तिला जास्त मानवलं. भट्टीत वाळवलेल्या गरावरची साल छोट्या सुरीने काढायची, पण सुरी गराला लागता कामा नये. अख्खा गर, पाकळी म्हणजे अर्धा गर, तुकडा, कणी अशा वेगवेगळ्या राशी. अख्ख्यांचेही पुन्हा नंबर: १८०, २१०, २४०, ३२०. एका पौंडात साधारण इतके गर बसतात, असा त्यांचा अर्थ. त्यामुळे नंबर जितका लहान तितका काजू मोठा आणि भाव चढा. मजुरी किलोवर. तुकडे जास्त झाले की शनिवारी हातात कमी यायचे. आजीला अक्षरओळख नव्हती, पण हातात गर घेतला की तो कुठल्या राशीतला ते ती बोलता बोलता सांगायची, आणि तिचं चुकल्याचं मला आठवत नाही.

तिची खरी करामत वेगळी होती. दुसरीने सोललेला गर उचलून आजी तो सोलणारी बाई ओळखायची. ही नवीन आहे, सुरी उभी धरते. हिचं घरी काहीतरी बिनसलंय, कालपासून पोटातली साल राहतेय. एकदा माझ्यासमोर एक गर नखाने दाखवत म्हणाली, "हयसर बघ. बाई घायेत होती." मला तिथे केसाएवढी रेघ दिसली. तिला अख्खी बाई दिसली.

आणि जिचं काम उत्तम, तिचा मात्र काही मागमूस नाही. तो गर पांढरा, नितळ, जणू झाडालाच तसा लागला. मला हे फार विचित्र वाटतं. आजीने सोललेले अख्खे काजू मुंबईत किती डब्यांतून किती जणांनी खाल्ले असतील, पण त्यातला एकही तिचा म्हणून ओळखता येणार नाही, कारण ती कामात चोख होती. म्हणून मी ओरखडा शोधते. ओरखडा सापडला की निदान कुणीतरी बसलं होतं हे कळतं.

तिचे मुंबईचे किस्से पुष्कळ, पण एक सांगतेच. आत्याच्या मुलाच्या साखरपुड्याला दादरहून काजूकतली आणली होती. आजीला आधी ते काय आहे ते कळेना. काजूचंच आहे म्हटल्यावर तिने वडी मोडून आत बघितलं आणि दचकून म्हणाली, "सगळे दळून टाकल्यानी?" आयुष्यभर जो गर अख्खा ठेवायची धडपड, तो इथे लोक पैसे देऊन वाटून घेतात! काकांनी समजावलं की हलवाई त्यासाठी तुकडाच घेतात, अख्खा कोण दळेल? तेव्हा कुठे तिने वडी तोंडात टाकली. वर "साखर जास्त झाली" हेही ऐकवलं.

कारखाना सुटल्यावर ती घरी स्वस्थ बसली असेल असं समजू नका. एप्रिलात ओल्या काजूची उसळ, बोंडू, म्हणजे काजूचं फळ, कापून त्याला मीठ लावणं, आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड वाहणं, वाडीतल्या नव्या सुनांना सुरी कशी धरायची ते दाखवणं, सगळं चालू. शेवटच्या वर्षांत गावात ओळखपत्रं काढायचं शिबिर लागलं. मी नेमकी गावी होते, तिला घेऊन गेले. यंत्राला तिच्या बोटांचे ठसे काही मिळेनात. तिथल्या मुलाने ओल्या फडक्याने बोटं पुसली, दाबून बघितली, पुन्हा पुसली. शेवटी डोळ्यांवर भागवलं. आजीला त्याचं काहीच वाटलं नाही. "काजी फोडून फोडून रेषा खंय रवतली?" एवढं म्हणून ती मासळीच्या बाजाराकडे वळली, कारण उशीर झाला तर बांगडे संपतात.

आता वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे, तिथल्या फळसंशोधन केंद्राच्या 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' या जातींची कलमं सगळीकडे लागली आहेत, आणि देशातल्या कारखान्यांत आफ्रिकेतल्या बियाही भरपूर येतात. फोडायला आणि सोलायला यंत्रं आली, निवडायला कॅमेरे आले. बायकांचे हात वाचले, हे चांगलंच झालं. त्या चिकाबद्दल हळवं होण्यासारखं काही नाही. पण डब्यात ओरखडा सापडणं त्यामुळे कठीण झालंय, म्हणून मला बघायला जरा जास्त वेळ लागतो आणि तुम्ही ताटकळता.

यानंतर हमखास येतो तो प्रश्न: मग घरी कुठले आणता? पाकळी आणि तुकडा. चव तीच, भाव कमी, मसालेभातात काहीच फरक पडत नाही. आजीच्या घरीही हेच शिजायचं, अख्खे तिने कधी विकत घेतले नाहीत. माझ्याकडे अख्खे फक्त पाहुण्यांपुरते असतात, तेही सासूबाईंचा आग्रह म्हणून.