एरोइका मालिका : भोक पडलं एकदाचं!

बेथोवेनच्या लिनोकट (लिनोलियम कोरून छापलेल्या चित्रांच्या) मालिकेतलं तिसरं चित्र कुठे अडलंय, ते मागच्या अपडेट वाचणाऱ्यांना माहीतच आहे. एरोइका म्हणजे त्याची तिसरी सिम्फनी; तिच्या व्हिएन्नातल्या हस्तलिखित प्रतीचं पहिलं पान. नेपोलियन सम्राट होतोय ही १८०४ ची बातमी कळल्यावर बेथोवेनने शीर्षकातली बोनापार्टच्या, म्हणजे नेपोलियनच्याच, नावाची ओळ इतकी खरवडली, की कागदाला भोक पडलं.

आणि भोक छापता येत नाही, हीच सगळी गोम. काळी शाई दिली की डाग दिसतो, लिनोवर तेवढी जागा कोरून काढली की नुसता कोरा चट्टा. म्हणजे खरवडणं आलं. लोकता (नेपाळी हातकागद) बाद झाला. त्याचे तंतू लांब, पात्याखाली केसांसारखे उपटून येतात, भोक काही पडत नाही. एका ऑनलाइन दुकानाने 'कॉटन रॅग' म्हणून पाठवलेल्या गठ्ठ्याचा पाणी लागताच लगदा. कसला डोंबलाचा रॅग! शेवटी सुती चिंध्यांचा जाड हातकागद आणला. तो कोरडा खरवडला तर पापुद्रे उडतात, ओला केला तर वॉटर-बेस्ड शाई फिसकटते, आणि ऑइल-बेस्ड शाई या पावसात वाळेल तर शपथ.

परवा जमलं! ऑइल शाईत किंचित कोबाल्ट ड्रायर घातला आणि प्रिंट पार वाळू दिली. मग मागून तेवढ्याच जागी ब्रशने ओल दिली आणि पुढून गोल पात्याने हलके हलके खरवडत गेलो. जागा पातळ होते, पलीकडचा उजेड दिसू लागतो आणि एकदम आरपार. कडेला सुताची बारीक लव उभी राहते. अहाहा! पंचने पाडलेल्या भोकाला ती सर नाही.

खाली काळा कागद लावणार होतो. पण हे लिहितानाच डोक्यात आलं : सिम्फनीच्या पहिल्या मूव्हमेंटचा सातवा बार (माप)! दोन दणदणीत कॉर्डनंतर चेलोंची साधीसुधी ई-फ्लॅट मेजरची धून तिथे सी-शार्पवर घसरते, जो त्या स्केलमधला नाहीच. तो एकच स्वर लाल शाईत, भोकाखाली? वेगळ्या कागदावर छापून मागून चिकटवला, तर रजिस्ट्रेशनची, म्हणजे दोन छाप नेमके एकावर एक जुळवण्याची, कटकटही नाही.

त्याच पानावर खाली बेथोवेनने पेन्सिलीने बोनापार्टचं नाव लिहिलंय, ते वेगळंच. वर खरवडायचं, खाली ठेवायचं! ती ओळ लिनोत कोरायला घेतली होती; रद्द. आता प्रत्येक प्रिंटवर हातानेच, टू-बी पेन्सिलीने. आवृत्ती अर्थातच छोटी. लिनो कोरायच्या व्ही-टूलला धार लावलीय, सी-शार्पचा ब्लॉक रविवारी.