फुग्यातली अक्षरं

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘दोन शब्द लिहा’ असा समितीचा निरोप आला, त्याच आठवड्यात फाटकासमोरचं काकांचं दुकान बंद झालं. तेव्हा दुकानाबद्दलच लिहिलं जाणार, समितीने सांभाळून घ्यावं. आमच्या तुकडीच्या लेखी दुकान शाळेतच मोडायचं.

पाच रुपये अनामत, पंचवीस पैसे रोज. सुतळीवर चिमट्यांनी लटकवलेले ‘इंद्रजाल’ कॉमिक्सचे अंक. वेताळ आणि मँड्रेक बाहेरून आलेले. बहादूर मात्र १९७६ साली आबिद सुरतींनी इथेच घडवलेला, भगवा कुर्ता-जीन्स घालून डाकूंना भिडणारा. आम्ही सगळे त्याच्या बाजूचे.

१९८४, आठवी ब. मराठीच्या तासाला पुस्तकाआड बहादूर सापडला. सरांनी (मराठीचे सर म्हटलं की एकच, नाव कशाला लिहू?) अंक उचलला, चाळला, पिशवीत टाकला. आता घरी चिठ्ठी जाणार, हे मी धरूनच चाललो. दुसऱ्या दिवशी अंक परत मिळाला, पण चित्रांतल्या संवादाच्या प्रत्येक फुग्यावर खळीने डकवलेला कोरा कागद. म्हणाले, “हा डाकू आपल्या गावचा आहे असं समज आणि बोलू दे त्याला. अक्षर कागदाबाहेर जाता कामा नये.”

रात्री उशिरापर्यंत बसलो. ‘मी तुला जिवंत सोडणार नाही’ काही केल्या मावेना. खोडून खोडून कागद फाटायला आला, तेव्हा ‘मेलास आता!’ लिहिलं. सरांनी त्याखाली लाल शाईची बारीक रेघ ओढली. चूक म्हणून की बरोबर म्हणून, विचारायची छाती झाली नाही.

काका मात्र भडकले. खळीने अंकाची वाट लागली होती. सरांनी पैसे भरले आणि अंक स्वतःकडे ठेवून घेतला.

गेली २२ वर्षं मी डबिंगचे संवाद लिहितो. पडद्यावरचे ओठ मिटायच्या आत वाक्य संपवायचं, म्हणजे कागद तेवढाच. यंदा त्यासाठी एक पुरस्कारही मिळाला. सर गेले तेव्हा मी हैदराबादला स्टुडिओत होतो, येता आलं नाही. ते लागून राहिलंय.

‘इंद्रजाल’ १९९० मध्ये थांबलं. मग काकांनी चाचा चौधरी आणले, पुढे गाइडं, झेरॉक्स, मोबाइलचं रिचार्ज. सुतळी तेवढी तीच होती. शाळेची नवी इमारत देखणी आहे, पण फाटक मागच्या रस्त्याला नेलं ते मला पटलेलं नाही. पोरंच समोरून जाईनात, तर दुकान चालणार कसं?

शेवटच्या दिवशी गेलो. काकांनी जुनी वही काढली, बोट फिरवत माझ्या नावावर थांबले आणि पाचाचं नाणं पुढे केलं.

“काका, तो अंक खराब केला होता मी.”

“ते सरांनी भरले. ही तुझी अनामत.”

घेतलं. समोर चहा प्यायलो, त्याचे दहा झाले.