कायम होण्याआधीची वर्षं

रविवार, रात्री उशिरा.

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाच्या घरातली ओढाताण समजून घ्यायची तर आधी त्याच्या शोधनिबंधांचं वेळापत्रक बघावं. अमेरिकेतल्या संशोधन विद्यापीठांपुरतंच लिहिते आहे, कारण तिथं ते फार घट्ट आखलेलं असतं. पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग असिस्टंट प्रोफेसर म्हणून साधारण तेवढीच किंवा एखादं वर्ष जास्त, आणि त्या मुदतीअखेर एकच निकाल: नोकरी कायम, नाहीतर दुसरी बघा. पंचविशीच्या आत-बाहेर सुरुवात केलेला माणूस तोवर पस्तिशी ओलांडतो. मुलं होण्याची वर्षंही नेमकी हीच.

कागदावर सहा वर्षं दिसतात, पण हिशेब उलटा मांडला की हातात तीनच उरतात. शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात कायम होण्यासाठीची, केलेल्या कामाची फाईल तयार लागते, कारण तिच्यावर बाहेरच्या तज्ज्ञांची मतं सांगणारी पत्रं मागवायला आणि यायला महिने जातात. त्या फाईलमध्ये ‘लिहितो आहे’ला किंमत नाही, ‘स्वीकृत’ला आहे. जर्नलचा, म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाचा, पहिला निर्णय यायला तीन ते सहा महिने. नशिबानं सुधारून पाठवा म्हणाले, तर ती सुधारणा सहा महिने ते वर्षभर खाते. मग दुसरी फेरी. त्याआधी एक-दोन ठिकाणांहून नकार हे धरूनच चालायचं. म्हणजे मुख्य निबंध तिसऱ्या वर्षाअखेर बाहेर पडायला हवा. त्याच वर्षी घरात बाळ आलं तर नुसते चार-सहा महिने जात नाहीत. निबंध उशिरा गेला की पुढची प्रत्येक फेरी सरकते आणि शेवटची मुदतीच्या पलीकडे पडते.

पूर्वी हे थोडं सुसह्य होतं. डेव्हिड कार्ड आणि स्टेफानो डेलाविन्या यांनी २०१३ साली पाच अग्रगण्य जर्नलांचा हिशेब मांडला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वर्षाला छापले जाणारे निबंध सुमारे ४०० वरून ३०० वर आले, स्वीकृतीचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ६ वर घसरलं आणि निबंधांची लांबी जवळजवळ तिप्पट झाली. कायम होण्याची मुदत मात्र त्या प्रमाणात वाढली नाही.

यावर काढलेला तोडगा म्हणजे मूल झालं की मुदत वर्षभर पुढे ढकलायची, आई असो वा बाप. दिसायला अगदी न्याय्य. हेदर अँटेकॉल, केली बेडार्ड आणि जेना स्टर्न्स यांनी आघाडीच्या अर्थशास्त्र विभागांची माहिती तपासली (त्यांचा निबंध २०१८ चा), तेव्हा अशा धोरणानंतर पुरुषांचं कायम होण्याचं प्रमाण वाढलेलं आणि बायकांचं घटलेलं निघालं. वाढीव वर्षात पुरुषांचे अग्रगण्य जर्नलांतले निबंध वाढले, बायकांचे नाही. जागरणं आणि अंगावरचं दूध यांत गेलेलं वर्ष आणि लिहिण्यात गेलेलं वर्ष, दोन्ही फाईलमध्ये सारखीच मोजली जातात. प्रोत्साहनांचं गणित फळ्यावर शिकवणाऱ्यांच्याच विभागांत हे घडावं! माझ्या मते सवलत द्यायचीच तर बाळंतपणाला वेगळी आणि संगोपनाला वेगळी द्यावी, आणि ‘ते वर्ष धरू नका’ हे बाहेरच्या तज्ज्ञांना पत्रात स्पष्ट लिहावं.

तोवर हाताशी उरतात त्या बारीकसारीक युक्त्या. शिकवायला दरवर्षी तोच विषय मागून घ्यावा. नव्या विषयाची पहिल्या वर्षाची तयारी संशोधनाचं एक सत्र गिळते. निबंध पाठवला त्याच आठवड्यात सगळा कोड, म्हणजे आकडेमोडीच्या संगणक-सूचना, एका मुख्य फाईलमधून पहिल्यापासून चालवून बघावा आणि कुठला तक्ता कुठल्या फाईलमधून निघतो ते लिहून ठेवावं. रेफरीचे, म्हणजे जर्नलसाठी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांचे, शेरे काही महिन्यांनी येतात, तेव्हा रात्रीची झोप तुटलेल्या माणसाला ‘हा व्हेरिएबल मी का वगळला होता’ हे आठवत नाही. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या जर्नलांत २०१९ पासून छापण्याआधी डेटा आणि कोड तपासला जातो, त्यामुळे हे काम टळत नाहीच, नुसतं अडचणीच्या वेळी अंगावर येतं. रेफरींना उत्तर देताना प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली काय बदललं आणि कुठल्या पानावर, एवढंच लिहावं. वाद घालायचा तो एखाद्याच मुद्द्यावर.

पगार बहुधा नऊ महिन्यांचा असतो, उन्हाळ्याचा अनुदानातून मिळवायचा. ‘उन्हाळाभर सुट्टीच की’ म्हणणाऱ्या सासरच्या मंडळींना हे एकदा समजावून ठेवलेलं बरं.

बाहेरगावच्या सेमिनारचं व्याख्यान दीड तासाचं, पण आदल्या दिवसाचा प्रवास, दिवसभराच्या भेटी आणि रात्रीचं जेवण धरलं तर घरच्या माणसावर दोन दिवस पडतात. सत्रात किती स्वीकारायचे ते सत्र सुरू होण्याआधी ठरवावं. आमंत्रण समोर आल्यावर नाही म्हणवत नाही.

नवरा-बायको दोघंही याच धंद्यात असतील तर जोडीदाराच्या नोकरीचा विषय लेखी ऑफर हातात आल्यावर आणि सही करण्याआधी काढावा. मुलाखतीत काढला तर विभाग मनातल्या मनात अडचणी मोजू लागतो, आणि सहीनंतर कुणाला घाई नसते. जोडीदाराचा सीव्ही मात्र तयार असावा, कारण डीनकडून दुसरी जागा मंजूर करून आणायला विभागप्रमुखाला वेळ लागतो आणि ऑफरची मुदत बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांचीच असते. ऑफरची मुदत वाढवून लगेच, लेखी मागावी.