थोडक्यात वाचलो, हे इंग्रजीत कसं सांगाल?

केसालाही धक्का लागला नाही, यासाठी ‘अनहर्ट’ आणि ‘अनस्केद्ड’ हे दोन शब्द हाताशी ठेवा. ते क्रियापदानंतर येतात: ‘द ड्रायव्हर एस्केप्ड अनस्केद्ड’. ‘अनस्केद्ड ड्रायव्हर’ मात्र कानाला खटकतं. सुखरूप घरी पोचलो, तर ‘सेफ अँड साउंड’.

‘नॅरो एस्केप’मध्ये संकट किती जवळून गेलं, यावर भर असतो. ‘क्लोज शेव्ह’ त्याच अर्थाचा, पण बोलीतला. ‘बाय द स्किन ऑफ माय टीथ’ (अगदी थोडक्यात) हे बायबलातल्या ईयोबाच्या ग्रंथातून आलं. 1560च्या जिनिव्हा बायबल या इंग्रजी भाषांतरातही ते सापडतं. धडक होता होता टळली, तर ‘निअर मिस’.

सगळ्यात जास्त घोळ होतो ‘स्कॉट-फ्री’चा. यातला ‘स्कॉट’ म्हणजे जुन्या काळचा कर. त्यावरून आज मुख्य अर्थ शिक्षेविना सुटणं. अपघातातून वाचलेल्या ड्रायव्हरला हा शब्द लावलात, तर बहुतेकांना वाटेल की दोषी असूनही तो सुटला. बिचाऱ्यावर उगाच आळ!

जिवावरचं शेपटावर निभावलं, तर बोलताना ‘गॉट ऑफ लाइटली’ चालेल. विम्याच्या कागदावर मात्र ‘सस्टेन्ड मायनर इंज्युरीज’ असंच लिहा आणि कुठे लागलं तेही नोंदवा.