भग्न बर्लिनमधील एक नेमणूक

जर्मन गायक डीट्रिख फिशर-डीस्काउ यांना पहिली नोकरी कोणत्या परिस्थितीत मिळाली, हे परवा बर्लिनच्या डॉइचे ऑपेरा या संगीतनाट्यगृहात मध्यंतरात शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी सांगितले, आणि तेव्हापासून तो विचार माझी पाठ सोडत नाही. १९४८ चे बर्लिन म्हणजे ढिगाऱ्यांचे शहर. पश्चिम भागाची नाकाबंदी झालेली, धान्य आणि कोळसा विमानांनी येत असलेला, नगर ऑपेराची (हीच संस्था पुढे डॉइचे ऑपेरा झाली) स्वतःची इमारत बॉम्बहल्ल्यात नष्ट झाल्यामुळे संस्था दुसऱ्याच नाट्यगृहात खेळ करणारी. अशा वेळी त्या संस्थेने ऑपेराच्या रंगमंचाचा अनुभव नसलेल्या, युद्धकैदेतून परतलेल्या २३ वर्षांच्या तरुणाला प्रमुख बॅरिटोन (मध्यम पट्टीचा पुरुष गायक) म्हणून पगारावर नेमले आणि व्हेर्दींच्या ‘डॉन कार्लोस’ या ऑपेरामध्ये पोझाची भूमिका दिली.

आपल्याकडे बालगंधर्वांसारख्या गायकनटाला मंडळीच्या कर्जाचा भार वाहावा लागला, हे आठवून येथे बसूनही मला राग येतो. मात्र येथील दरबारी नाट्यगृहे पुढे राज्यांनी आणि नगरपालिकांनी चालवली, तर आपल्या नाटक मंडळ्या परकीय सत्तेखाली मुख्यतः तिकिटांवर जगल्या. बडोद्यासारखा राजाश्रय फार थोड्यांच्या वाट्याला आला. केवळ तिकीटविक्रीवर एवढे संगीत उभे करणारा समाज कमी रसिक नव्हता, हे मी येथील मंडळींना ठासून सांगतो.

फिशर-डीस्काउ यांचे दुःखही या शहरातलेच. त्यांच्या अपंग भावाला नाझी राजवटीने संस्थेत पाठवून उपाशी मारले. ते स्वतः सक्तीने सैन्यात गेले आणि इटलीत अमेरिकनांचे कैदी झाल्यावर घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या सैनिकांसमोर गात राहिले. १९६२ मध्ये, जर्मन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलमध्ये इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या ‘वॉर रिक्विएम’ या युद्धविषयक रचनेच्या पहिल्या प्रयोगात मृत जर्मन सैनिकाचे शब्द त्यांनीच गायले. त्याच्या आदल्या वर्षी, बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम सहा आठवडे झाले असताना, आज मी जेथे जातो त्या इमारतीचे उद्घाटन त्यांनी गायलेल्या मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेराने झाले होते.

पुढे त्यांनी संगीतकार आरिबेर्ट राइमान यांना ‘लिअर’ हा ऑपेरा रचण्याचे सुचवले, आणि श्रोत्यांच्या कानांना मुळीच न गोंजारणारी ती रचना म्युनिकच्या सरकारी ऑपेराने १९७८ मध्ये, त्यांनाच नायक करून, रंगमंचावर आणली. गल्ल्याच्या भरवशावर चालणाऱ्या मंडळीला एवढी जोखीम पेलणे शक्यच नव्हते.